शहाणपण आठ : व्हिडिओ गेममधल्या व्रतस्थ योद्ध्याविषयी

"मामा, विज्डम आठवर आण. पॅलाडिनला त्याचा काही उपयोग नाही."

भाची शेजारी बसून सांगत होती आणि मी संगणकाच्या पडद्यावर एका योद्ध्याचे गुण वाटत होतो. खेळ होता 'बाल्डर्स गेट ३', बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणलेला. त्यात आपले पात्र आपणच घडवायचे असते. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुण. प्रत्येक गुण आठापासून सुरू होतो. हाताशी २७ अंक असतात आणि ते सहा ठिकाणी वाटायचे असतात. सुरुवातीच्या पायऱ्या स्वस्त, शेवटच्या दोन महाग. भाचीला हिशेब पाठ होता. बळ १५, म्हणजे नऊ अंक गेले. प्रभाव १५, आणखी नऊ. काटकपणा १४, सात. उरलेले दोन चापल्याला. वर खेळाकडून मिळणारे तीन जादा अंक, दोन बळाला आणि एक प्रभावाला. बुद्धी ८. शहाणपण ८. झाला पॅलाडिन तयार.

या पद्धतीत सामान्य माणसाचा अंक दहा धरतात. म्हणजे दुर्बळांचा कैवारी, सत्यासाठी लढणारा, लखलखत्या चिलखतातला हा वीर चारचौघांपेक्षा कमी शहाणा, आणि तो तसा असणेच सर्वांत किफायतशीर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्याचा अभ्यास केला तो नोकरीतून उरलेल्या वेळात, जमेल तिथून पुस्तके मिळवून. व्हिडिओ गेमवर संशोधन करावे असे पन्नाशी उलटेपर्यंत कधी मनात आले नव्हते. पण तो आठ डोक्यातून जाईना. गेले वर्षभर या योद्ध्याच्या मागे फिरलो, जुनी नियमपुस्तके वाचली, जुने खेळ खेळून पाहिले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

आधी शब्दाविषयी. 'पॅलाडिन'चे मूळ रोममधल्या पॅलाटाइन टेकडीत आहे. तिथे सम्राटांचे वाडे होते. टेकडीवरून वाड्याला नाव पडले आणि वाड्यावरून वाड्यातल्या माणसाला. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर हुजुरातीतला माणूस. पुढे मध्ययुगीन फ्रेंच काव्यांत सम्राट शार्लमेनच्या बारा निवडक सरदारांना हे नाव चिकटले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध रोलां. इ. स. ७७८ मध्ये शार्लमेनची फौज स्पेनमधून परतत असताना रोंसव्होच्या खिंडीत तिच्या पिछाडीवर हल्ला झाला आणि त्यात रोलां पडला. हल्ला करणारे बास्क होते, म्हणजे तिथल्याच डोंगरांतले ख्रिस्ती लोक. पण सुमारे ११०० मध्ये रोलांचे महाकाव्य रचले गेले तेव्हा क्रुसेडचे वारे वाहत होते आणि काव्यातले हल्लेखोर मुसलमान झाले. या योद्ध्याचे पावित्र्य पाहताना ही गोष्ट मी नेहमी लक्षात ठेवतो. त्याच्या पहिल्याच मोठ्या कवितेत शत्रू बदलून घेतलेला आहे.

त्याच काळात, १११९ च्या आसपास, जेरुसलेमला टेम्पलर योद्ध्यांचा संघ उभा राहिला. हे एकाच वेळी साधू आणि सैनिक होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रते घ्यायची आणि मग तलवार उचलायची. क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्यांच्या स्तुतीपर एक प्रबंधच लिहिला. दरबारी सरदार आणि व्रती साधू या दोन धाग्यांची गाठ पुढे कादंबरीत बसली. अमेरिकन लेखक पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या १९६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत एक डॅनिश इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धातून थेट जादूच्या जगात जाऊन पडतो. हळूहळू त्याला कळते की आपण शार्लमेनच्या सरदारांपैकीच एक, ओजिए द डेन, आहोत. त्या जगात नियम आणि अनागोंदी या दोन शक्तींची झुंज चालू आहे. ही कादंबरी गॅरी गायगॅक्स या खेळकाराच्या आवडीची. त्याच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळात १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत पॅलाडिन हा पेशा पहिल्यांदा आला आणि १९७८ च्या नियमपुस्तकात त्याचे सगळे कायदे लिहिले गेले. आजच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ गेममधला पवित्र योद्धा तिथूनच निघाला आहे.

ते १९७८ चे कायदे मुळातून वाचण्यासारखे आहेत. पॅलाडिन व्हायचे तर बळ किमान १२, बुद्धी ९, शहाणपण १३, काटकपणा ९ आणि प्रभाव १७ लागतो. शहाणपण तेरा! भाचीने आठावर आणून ठेवलेला गुण तिथे प्रवेशाची अट आहे. त्या काळच्या मूळ पद्धतीत हे गुण वाटून घेता येत नसत. तीन फासे टाकायचे, जो आकडा पडेल तो आपला. मी पेन्सिल घेऊन हिशेब केला. तीन फाशांत १७ किंवा १८ पडण्याच्या शक्यता २१६ मध्ये चार, म्हणजे ५४ मध्ये एक. त्याला बाकीच्या अटी जोडल्या की जवळपास हजारात एक पात्र पॅलाडिन होण्याच्या लायकीचे निघते. गायगॅक्सने नंतर सढळ पद्धतीही सुचवल्या, पण कल्पना स्पष्ट आहे. पॅलाडिन होणे ही निवड नव्हती. आधी ते नशिबी यावे लागे.

इथे एक गंमत सांगतो. 'कॅरिस्मा' या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि धर्मशास्त्रात त्याचा अर्थ ईश्वरी कृपेने मिळालेली देणगी असा होतो. आपण 'करिश्मा' म्हणतो तो शब्द फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा. दोघांचे नाते नाही, नुसते तोंडवळ्याचे साम्य. गायगॅक्सच्या पॅलाडिनचा १७ हा कृपेचा आकडा होता. आजचा १६ हा बराचसा करिश्म्याचा आहे.

पुढचे कायदे त्यागाचे. पॅलाडिनने जवळ दहाहून जास्त जादूच्या वस्तू बाळगू नयेत: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रे, इतर चार. मिळकतीचा दहावा हिस्सा दान करावा. साधेपणाने राहण्यापुरते धन ठेवून बाकी देऊन टाकावे. सोबत फक्त सज्जनांची करावी. टेम्पलरांच्या व्रतांची ही सरळ नक्कल आहे आणि मला ती आवडते, कारण त्यात आकडे आहेत. दानशूर असावे असे नुसते म्हटलेले नाही, दहावा हिस्सा म्हटले आहे. या बदल्यात मिळते काय? स्पर्शाने जखम भरण्याची शक्ती, रोगांपासून मुक्ती, दुष्ट शक्तीची चाहूल आणि चौथ्या लेव्हलला एक घोडा. तो घोडा पाहून मला शिलेदार आठवला. बारगिराला घोडा सरकार देई, शिलेदार स्वतःचा आणी. पॅलाडिनचा मराठीत अनुवाद करायची वेळ आलीच तर मी 'व्रती शिलेदार' म्हणेन. 'पवित्र योद्धा' हा शब्द फार गुळगुळीत आहे.

आणि शेवटचा कायदा पतनाचा. नियमभंगाचे कृत्य हातून घडले तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या धर्मगुरूपुढे कबुली द्यायची आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचे. पण जाणूनबुजून दुष्ट कृत्य केले तर प्रायश्चित्तच नाही. पॅलाडिनपण त्या क्षणी जाते आणि परत येत नाही. उरतो एक साधा लढवय्या. आपल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. द्रोणपर्वात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असतो आणि अश्वत्थाम्याविषयी ते अर्धे खोटे बोलल्यावर खाली टेकतो. मोजमाप तिथेही आहे, चार बोटे. पण रथ कुणी उतरवला हे व्यास सांगत नाहीत. खेळात मात्र कुणीतरी उतरवावाच लागतो. मेजावर खेळताना ते काम पंच करी आणि त्यावरून भांडणे होत. माझा योद्धा खोटे बोलला ते मुलाला वाचवायला, मग ते दुष्ट कृत्य कसे? माणूस पंच असला की निदान वाद घालता येतो.

संगणक आला आणि पंच गेला. यंत्राला हेतू दिसत नाही, त्याला आकडा लागतो. १९९८ साली बायोवेअर कंपनीच्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'ने यावर जो तोडगा काढला तो मला साऱ्या इतिहासातला सर्वांत कमकुवत वाटतो. त्यात एक ते वीस असा लौकिकाचा आकडा आहे. निरपराधाला मारले की उतरतो, चांगले काम केले की चढतो, आणि पार खाली गेला की पॅलाडिन पतित होतो. पण लौकिक म्हणजे सदाचार नव्हे, हे गावाकडच्या कुठल्याही सरपंचाला ठाऊक असते. शिवाय देवळात जाऊन पुरेसे सोने दान केले की हा लौकिक विकतही मिळतो! १९७८ च्या पुस्तकात दान हे व्रताचे अंग होते. वीस वर्षांत ते व्रतावरचे डाग पुसायचे फडके झाले. पात्र घडवतानाची कृपाही त्या खेळात स्वस्त झाली. फासे संगणक टाकतो, आकडे आवडले नाहीत तर 'पुन्हा' हे बटण दाबायचे. मी एका रविवारी दुपारभर ते बटण दाबत बसलो होतो. बायकोने दोनदा येऊन पाहिले आणि काही न बोलता गेली.

मात्र त्याच मालिकेतल्या २००० सालच्या दुसऱ्या खेळात एक माणूस आहे, त्याच्यासाठी मी बायोवेअरचे बाकी सगळे माफ करतो. त्याचे नाव केल्डॉर्न फायरकॅम. पिकल्या केसांचा, आयुष्य संघाच्या सेवेत घालवलेला पॅलाडिन. मोहिमेवर आपल्याबरोबर येतो, कर्तव्यात कुठे कमी पडत नाही. एकदा घरी जातो तेव्हा कळते की वर्षानुवर्षांच्या एकटेपणाला कंटाळून बायकोने दुसऱ्या पुरुषाचा आधार घेतला आहे. घरात दोन मुली आहेत, बापाला धड ओळखतही नाहीत. त्याने बायकोला कायद्याच्या हवाली करावे की तिची माफी मागावी, याविषयी तो आपल्याला, म्हणजे खेळणाऱ्याला, सल्ला विचारतो. इथे कुठल्याही अंकाने उत्तर मिळत नाही. व्रत त्याने पाळले, किंमत तिघींनी मोजली. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधला भीष्मावरचा लेख ज्यांनी वाचला आहे त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. प्रतिज्ञा मोडल्यावर काय होते हे सगळेच खेळ विचारतात. प्रतिज्ञा पाळल्याने काय होते हे विचारणारा खेळ मला हा एकच भेटला.

याच खेळात 'कार्सोमिर' नावाची तलवार आहे. ती फक्त पॅलाडिनच्या हातात चालते आणि जादूचे हल्ले निम्म्याने परतवते. खेळाडूंच्या गप्पांत केल्डॉर्नचे नाव निघते ते बहुधा या तलवारीपायी. त्याच्या मुलींबद्दल कुणी बोलताना मी फारसे ऐकलेले नाही.

आता काळात थोडे मागे जावे लागेल, कारण यंत्राने व्रत मोजायचे कसे या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर त्याआधीच देऊन झाले होते. १९८५ साली रिचर्ड गॅरियट या तरुणाने 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' हा खेळ केला. नावातला 'अवतार' आपलाच. गॅरियटने तो हिंदू परंपरेतून उचलला आणि संगणकाच्या जगात खेळाडूच्या रूपाला अवतार म्हणण्याची जी रीत पडली तिच्यात या खेळाचा मोठा वाटा आहे. अर्थ मात्र उलटा झाला. आपल्याकडे अवतार म्हणजे उतरणे, वरचा खाली येतो. गॅरियटच्या खेळात खालचा माणूस आठ सद्गुणांच्या पायऱ्या चढून अवतारपदाला पोहोचतो. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मानमर्यादा, अध्यात्म, नम्रता. या खेळात शेवटी मारायला कुणी राक्षस नाही. आधीच्या खेळांत खेळाडू दुकाने लुटून, वाटेल त्याला कापून जिंकत होते, हे पाहून गॅरियटने मुद्दाम तसे केले.

पात्र घडवण्याची रीत तर अशी की मी थक्क झालो. फासे नाहीत, अंक वाटणे नाही. एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते आणि पेचाचे प्रसंग विचारते. प्रत्येक पेचात दोन सद्गुण समोरासमोर असतात, एक निवडायचा. शेवटी जो उरेल त्यावरून तुमचा पेशा ठरतो. मानमर्यादा उरली तर तुम्ही पॅलाडिन. आपण काय आहोत हे आपण सांगत नाही, आपल्या उत्तरांवरून ते निघते. आणि नंतर खेळ तुमचे आठही सद्गुण मोजतो, पण आकडे दाखवत नाही. वनौषधी विकणारी बाई आंधळी आहे. किंमत ती सांगते, पण किती नाणी ठेवायची ते तुम्ही टंकता. कमी ठेवली तर ती आभारच मानते. कुणी ओरडत नाही, पडदा लाल होत नाही. कितीतरी वेळाने राजाच्या किल्ल्यातल्या द्रष्ट्याला विचारायला गेलात की तो सांगतो, प्रामाणिकपणात तू मागे आहेस. तोवर कुठली नाणी नडली हे तुम्हाला आठवतही नाही.

मी स्वतः पहिल्याच फेरीत तिला फसवले. संशोधनासाठी, असे मी वहीत लिहून ठेवले आहे. पण ते लिहिताना मला ठाऊक होते की औषधी कमी होत्या आणि नाणी वाचवायची होती.

गॅरियटच्या खेळाचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. आंधळीला पैसे देत राहिले की प्रामाणिकपणा वाढतो, म्हणजे चतुर खेळाडू तिथेही सदाचाराची शेती करू शकतो, आणि करतातही. पण मोजमाप लपवल्यामुळे निदान पहिल्या खेपेला माणूस स्वतःच्या स्वभावाने वागतो. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३'मध्ये आर्थस नावाच्या पॅलाडिन राजपुत्राचे पतन आहे, ते फार गाजले. रोगाने पछाडलेल्या शहरातली माणसे पिशाच्चे होण्याआधीच कापून काढायची असे तो ठरवतो, त्याचा गुरू पाठ फिरवतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण कथा आधीच लिहिलेली आहे. माणसे आपण आपल्या हाताने मारतो आणि नकार द्यायची सोय नाही. ती शोकांतिका आर्थसची आहे, खेळणाऱ्याची नाही.

आता पुन्हा भाचीच्या पॅलाडिनकडे. तिचा सल्ला चूक नव्हता. फाशांच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, 'बाल्डर्स गेट ३' तिच्यावर उभा आहे. तिच्यात पॅलाडिनची शक्ती देवापेक्षा त्याच्या शपथेतूनच येते असे मानले आहे आणि ती प्रभावाच्या गुणावर चालते. त्याचे मुख्य अस्त्र 'दिव्य प्रहार'. तलवारीचा वार शत्रूला लागला की मग ठरवायचे, यात दैवी शक्ती ओतायची का. पहिल्या पायरीची शक्ती खर्चली की आठ बाजूंचे दोन जादा फासे, वरच्या पायरीला आणखी. वार फुकट गेला तर शक्ती वाचते. इतका सोयीचा देव मी कुठल्या पुराणात पाहिलेला नाही. हा प्रहार दुसऱ्याच लेव्हलला मिळतो, म्हणून हिशेबी खेळाडू दोन लेव्हल पॅलाडिनच्या घेतात आणि उरलेल्या दहा दुसऱ्या पेशाच्या. व्रत दोन लेव्हलपुरते. आपल्याकडे सोळा सोमवारांना निदान उद्यापन तरी असते.

तरीही हा खेळ मी 'बाल्डर्स गेट'च्या पहिल्या भागापेक्षा वर ठेवतो, दोन कारणांसाठी. सहाव्या लेव्हलला पॅलाडिनभोवती एक अदृश्य वलय तयार होते. त्याच्या प्रभावाइतके संरक्षण तीन मीटरच्या आत असलेल्या प्रत्येक सोबत्याला मिळते. लढाईत सगळे त्याच्या आसपास राहू लागतात, अर्धवट जखमी जादूगार त्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो. याच्या वर्णनात पावित्र्याचा शब्दही नाही, तरी जुनी कल्पना इथे शाबूत आहे. माणसाचा चांगुलपणा त्याच्या जवळपासच्यांच्या उपयोगी पडतो, आणि फार लांब पोचत नाही.

दुसरे कारण शपथ. सुरुवातीलाच निवडावी लागते: निष्ठेची, निसर्गरक्षकांची किंवा सूडाची. (२०२५ च्या दुरुस्तीत राजमुकुटाची चौथी आली.) लौकिकाचा एकच सरधोपट आकडा नाही. सूडाच्या पॅलाडिनला जे चालते ते निष्ठेच्या पॅलाडिनला चालत नाही. आणि मोडण्यासाठी जग जिंकावे लागत नाही, एक कृत्य पुरते.

माझी शपथ निष्ठेची होती. ती पहिल्याच तासात मोडली. माळावर लेझेल नावाची एक परकी योद्धा लाकडी पिंजऱ्यात टांगलेली असते. खाली दोन निर्वासित उभे असतात, शिंगे असलेल्या टीफ्लिंग जमातीचे, तिला घाबरलेले. त्यांची समजूत घालून त्यांना पाठवता येते. मी एकदोन वाक्ये निवडली. मग समोर पर्यायांची यादी आली, रात्रीचे साडेअकरा झाले होते, डोळे चुरचुरत होते, आणि मी यादीतला सर्वांत तुटक पर्याय दाबला. माझ्या वीराने तलवार काढली. दोघे चार वारांत पडले. पडद्यावर सूचना उमटली की शपथ मोडली.

शहाणपण आठ ते पात्राचे की माझे, हा प्रश्न मला तेव्हाच पडला.

"मामा, परत लोड कर," भाची लगेच म्हणाली. "मी आत्ताच सेव्ह केलंय."

या सेव्हविषयी कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही आणि पॅलाडिनच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना तीच आहे असे माझे मत झाले आहे. १९७८ ला मेजावर शब्द तोंडातून गेला की गेला, चारजणांनी ऐकलेला असे. संगणकाने कुठल्याही क्षणाची प्रत काढून ठेवायची सोय केली आणि घडलेले न घडलेले करता येऊ लागले. युधिष्ठिराला द्रोणांसमोर बोलण्याआधी सेव्ह करता आले असते तर रथ आजही चार बोटे वर असता. 'बाल्डर्स गेट ३'च्या कर्त्यांना हे कळत असावे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर त्यांनी एक कडक पद्धत जोडली, तीत सेव्ह एकच असतो आणि मागे जाता येत नाही. तिला नाव दिले 'ऑनर मोड'. मानमर्यादा! गॅरियटने पॅलाडिनला दिलेला तोच सद्गुण.

मी साध्याच पद्धतीने खेळत होतो. लोड करणे एका बटणाचे काम होते. मी केले नाही. थोडा अभ्यासकाचा हट्ट, पुढे काय होते ते पाहावे. पण ते दोघे माळावर पडलेले दिसत होते आणि बटण दाबून ते उठून उभे राहिले असते तर मला जास्तच कसेतरी झाले असते.

त्या रात्री तळावर एक योद्धा आला. काळे चिलखत, चेहरा झाकलेला. हा शपथभ्रष्टांचा सरदार, आणि हे या खेळातले सर्वांत चांगले लेखन. तो रागावत नाही, मोहातही पाडत नाही. आपणही एके काळी शपथ मोडली हे सांगतो, समजुतीच्या सुरात बोलतो. समोर दोन वाटा असतात. त्याच्या वाटेने जाऊन शपथभ्रष्ट व्हायचे, किंवा जुनी शपथ परत घ्यायची. शपथभ्रष्टाला नव्या, काळ्या शक्ती मिळतात, पुढे सातव्या लेव्हलला त्याचा वार उलट अधिकच जड होतो. आणि दिव्य प्रहार? तो तसाच राहतो. १९७८ चा पतित साधा लढवय्या होऊन जन्मभर राही, आजचा पतित बढती घेतो. पतनाने काहीच कमी होत नसेल तर ते पतन कसले, हा माझा या खेळावरचा मुख्य आक्षेप आहे, आणि त्या सरदाराच्या धीरगंभीर आवाजानेही तो झाकत नाही.

दुसरी वाट, शपथ परत घेण्याची, हिची किंमत १००० सोन्याची नाणी. कबुली नाही, धर्मगुरू नाही, त्या दोघांच्या माणसांना भेटणे नाही. श्रावणातल्या कहाण्यांत राणी उतते, मातते, घेतला वसा टाकते, मग दारिद्र्य येते आणि वसा परत सांभाळला की दिवस पालटतात. पण मधे ती रानोमाळ हिंडते, दारोदार जाते. तो हिंडण्याचा भाग कहाणीतून काढला तर उरेल ते हजार नाण्यांचे.

हे मी भाचीला सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण मामा, गेमने पैसे मागितले म्हणून तू ते दिलेच पाहिजेस असं कुठाय?"

माझ्याकडे त्या रात्री तीनशेच्या आसपास नाणी होती, म्हणून तो प्रश्न तिथेच राहिला. मी त्याची काळी वाटही घेतली नाही. माझा योद्धा बरेच दिवस नुसताच होता, शपथ नसलेला. तो सरदार तळावर तसाच उभा असतो. रोज रात्री शेकोटीपाशी जाताना त्याच्यावरून जावे लागते. निर्वासितांच्या वस्तीत पुढे बरीच कामे केली, त्यांना जगवले. त्यांतल्या कुणी मला त्या दोघांविषयी विचारले नाही.

परवा भाचीचा फोन आला.

"किती झाले?"

"चौदाशे."

"मग?"

"बघू," मी म्हटले. "अजून दिले नाहीत."